मेजरांची दुखणी

२ मार्च

औषधकंपनीच्या माणसाने याही वर्षी डायरी दिली. वहिनीने ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, “वन्सं, आता तरी लिहा काहीतरी. नुसतं माझ्याशी बोलून तुमचं पोट भरत नाही.” मला अहो-जाहो करते ते फक्त चिडवायचं असलं की. एरवी अगं-तुगं.

पहिल्या पानावर म्हणे आपली ओळख लिहायची असते. मी फिजिओथेरपिस्ट. वय सत्तावन्न, लग्न केलं नाही, पश्चात्तापही केला नाही. आखडलेले खांदे आणि कुरकुरणारे गुडघे यांवर माझं घर चालतं. दादा गेल्यापासून वहिनी आणि मी एकत्र राहतो. खाली दवाखाना, वर आम्ही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण अजून फोन उचलताना पाठ ताठ करते.

दवाखान्यात तिसरा एक जण असतो, चाकांच्या स्टँडवर लटकवलेला प्लास्टिकचा सांगाडा. काहीही न करता कोपऱ्यात उभा राहतो आणि वर त्याची निगा राखावी लागते, म्हणून वहिनीने त्याचं नाव जावई ठेवलंय. पेशंटला दुखणं कुठे आहे ते दाखवायला मी जावयाच्या हाडांना रंगीत फिती बांधते. लोकांना स्वतःचा खांदा कळत नाही, जावयाचा लगेच कळतो.

खरी बातमी पुढेच आहे. शेजारचा फ्रेमवाला दुकान सोडून गेला. त्याची मोठी खोली भाड्याने घ्यायची आणि तिथे वयस्कर बायकांसाठी व्यायामाचे वर्ग काढायचे, हे आमच्या कधीपासून मनात होतं. मी शिकवणार, वहिनी दारातल्या टेबलावर बसून नावं लिहिणार आणि फोन घेणार. मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत आगाऊ रक्कम द्या, नाहीतर चपलांचं दुकान येतंय. रक्कम बँकेत तयार आहे. वहिनीने टेबलामागच्या खुर्चीसाठी उशीसुद्धा शिवली. आज जिन्यात तिचा आवाज आला. एकटीच सराव करत होती, “नमस्कार, बोला.”

५ मार्च

दवाखान्याच्या पेजवर एका मेजरसाहेबांचा निरोप आला. परदेशात शांतिसेनेत आहेत. फोटो पाहिला. गणवेश, रुंद खांदे, शेजारी कुत्रा. एका बाजूला किंचित झुकून उभे आहेत, पण तो कुत्र्याच्या पट्ट्याचा दोष असावा. लिहितात, “तुमच्या हातांचा फोटो बघून मला शांतता मिळाली.”

माझे हात चांगले आहेत हे मला माहीत आहे. पण तसं म्हणणारे सगळे आधी “आई गं” म्हणतात आणि मग म्हणतात. फोटो बघून म्हणणारा हा पहिलाच.

९ मार्च

रोज बोलणं होतंय. विधुर आहेत, मुलगी वसतिगृहात शिकते. सकाळी उठल्याबरोबर फुलांचं चित्र येतं. चौथ्याच दिवशी त्यांनी मला “माझ्या हृदयाची राणी” म्हटलं. भाषा थोडी यंत्रातून काढल्यासारखी वाटते, पण इतकी वर्षं परमुलखात काढल्यावर माणसाचं होणारच तसं.

चेहरा बघून बोलू या का, असं मी विचारलं. तळावर कॅमेऱ्याला बंदी आहे म्हणाले. आपलं बोलणं कुणाला सांगू नका, सुरक्षेचा प्रश्न आहे, असंही म्हणाले. माझ्यामुळे देशाच्या सुरक्षेचा प्रश्न उभा राहील असं मला कधी वाटलं नव्हतं. छान वाटलं, खोटं कशाला लिहू.

वहिनीने विचारलं, “सारखी टुकटुक कुणाची चालते?” मी म्हटलं, पेशंट.

१३ मार्च

आता ते खरंच पेशंट झाले, म्हणजे माझं खोटं परस्पर खरं झालं. प्रेमाचं काय बोलायचं हे मला फारसं जमत नाही. तीन ओळींनंतर विषय संपतो. म्हणून काल मी नेहमीच्या सवयीने विचारलं, “काही दुखतंखुपतं का?”

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, “अंगठा.”

मी सरसावून बसले. कुठला, किती दिवस, सकाळी आखडतो का, मुठीत धरून मनगट खाली वाकवलं तर कळ येते का. साहेबांनी एकेका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. हृदय नाही, राणी नाही, फक्त अंगठा. इतकं मोकळं ते याआधी बोलले नव्हते. मी पूर्वी दोन निवृत्त सैनिकांवर उपचार केलेत. त्यांचे गुडघे आणि कंबर गेली होती, ओझी वाहून. हे अंगठ्याचं मला नवीन आहे. वायरलेसचं बटण दाबून दाबून होत असेल.

जावयाच्या उजव्या अंगठ्याला लाल फीत बांधली.

१७ मार्च

मेजरांची तब्येत माझ्या अंदाजापेक्षा नाजूक निघाली. मान दुखते, डोळे चुरचुरतात, माकडहाड बसू देत नाही. जास्त वेळ बसून होतं का, असं विचारलं तर “हो, फार वेळ बसावं लागतं” म्हणाले. रणगाड्यात बसत असणार. रणगाड्याच्या सीटवर कुणी काही विचार केलेला दिसत नाही.

मानेसाठी टॉवेलची गुंडाळी करून कसा आधार घ्यायचा ते लिहून पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं, “केलं. हलकं वाटलं.” माझा दिवस सार्थकी लागला.

एक गंमत लिहून ठेवते. सकाळचे मेजर आणि संध्याकाळचे मेजर यांत फरक आहे. सकाळी कविता पाठवतात आणि त्यांचा डावा खांदा धरतो. दुपारी फक्त फुलं आणि बदाम. संध्याकाळी गप्प असतात, पण व्यायाम नेमाने करतात आणि दुखतो उजवा अंगठा. मला संध्याकाळचे जास्त आवडतात. माणूस दिवसभरात मवाळ होत जातो, हे मी पेशंटमध्येही पाहिलंय.

आज वहिनीला सांगून टाकलं. तिच्यापासून लपवायचं म्हणजे पोटात दुखतं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “बरं आहेत का दिसायला?” फोटो दाखवला. “कुत्रा छान आहे,” म्हणाली.

२१ मार्च

मेजर येतायत.

म्हणजे येऊ शकतात. मुदतीपूर्वी रजा मंजूर करून घ्यायची तर बदली माणसाचा खर्च आधी भरावा लागतो आणि त्यांची खाती तळावर असेपर्यंत गोठवलेली असतात. होणाऱ्या पत्नीने अर्ज केला तर काम लवकर होतं. रजा कार्यालयातल्या एका साहेबांच्या खात्यावर पैसे पाठवायचे, मेजर आल्याबरोबर परत करतील. रक्कम जवळजवळ शेजारच्या खोलीच्या आगाऊ रकमेएवढीच आहे. योगायोगच म्हणायचा. मीच मागे बोलताना त्यांना खोलीचं सगळं सांगितलं होतं.

होणारी पत्नी. सत्तावन्नाव्या वर्षी हे शब्द वाचून मी आरशात बघून आले. पाठ ताठ आहे, एवढं तरी आहे.

मनात शंका येते, नाही असं नाही. पण खोली काय, दुसरी मिळेल. माणूस दुसरा मिळेल का, हा प्रश्न मी आजवर कधी विचारलाच नव्हता. आता तो पाठ सोडत नाही.

वहिनीला आवराआवरीचं वेड लागलंय. कपाट रिकामं केलं, दादाचे स्वेटर वाटून टाकले. तिच्या मावसबहिणीचा पत्ता माझ्याकडे आहे का, म्हणून विचारत होती. बहीण दोन गावं पलीकडे राहते आणि तिच्याकडे मागची खोली रिकामी आहे म्हणे. वहिनीला अचानक बहिणीची आठवण कशी झाली कुणास ठाऊक.

२४ मार्च

मालक दारात येऊन गेला. दोन-तीन दिवसांत सांगते म्हटलं. वर येऊन मी वहिनीला म्हटलं, “खोलीचं सध्या राहू दे असं वाटतंय. पुढच्या वर्षी बघू.”

“बरं,” म्हणाली ती.

मला वाटलं होतं भांडेल. उपरण्यापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत कशावरही ती अर्धा दिवस भांडू शकते. आज नुसतं “बरं”. खुर्चीची उशी तिने वरच्या फळीवर ठेवली. फळी उंच आहे, तिचा हात पुरेना, म्हणून मीच चढवून दिली.

पैसे परवा पाठवेन. बँकेतली मुलगी ओळखीची आहे, तिच्या टाचेवर मी उपचार केलेत.

२६ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं, कारण अजून माझा राग गेलेला नाही आणि राग कुणावर आहे तेही कळत नाही.

बँकेत जायला निघाले होते. वहिनी खाली जावयाची धूळ पुसायला आली होती. मला ऐकू आलं की ती हसतेय. आधी हळू, मग अगदी पोट धरून. दादा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

“हे कुणाचं गं?” तिने विचारलं. जावई नखशिखांत लाल झाला होता. अंगठा, मनगट, खांदा, मान, माकडहाड, डोळ्यांच्या खोबणीतसुद्धा एक फीत लोंबत होती.

“मेजरांचं,” मी म्हटलं.

“सगळं?”

“हो. त्यात हसण्यासारखं काय आहे?”

“अगं, एवढं दुखणारा माणूस सैन्यात घेतात?” मग तिचं हसू थांबलं. ती पुसायचं फडकं हातात घेऊन स्टुलावर बसली. “खांदा कुठला म्हणालीस?”

“सकाळी डावा. संध्याकाळी उजवा अंगठा.”

“आणि दुपारी?”

“दुपारी काही दुखत नाही. दुपारी बदाम असतात.”

तिने फडक्याची घडी घातली. मग तिने एक्स्चेंजमधली गोष्ट सांगितली. इतकी वर्षं एका घरात राहून ही मी ऐकली नव्हती. एक कापडवाला रोज दूरचा फोन लावून मागायचा. त्या वेळी ऑपरेटरच्या हाती असायचं सगळं. तीन पाळ्या होत्या आणि सगळ्या मुलींना एकाच आवाजात, त्याच चार वाक्यांत बोलायला शिकवलेलं. कापडवाला त्या आवाजाच्या प्रेमात पडला. सकाळी एकीला म्हणायचा जेवलात का, संध्याकाळी दुसरीला म्हणायचा सकाळी तुमचा घसा बसला होता, आता बरं आहे का. दिवाणखान्यात बसून त्याने मनात एक मुलगी बनवली होती आणि ती आम्ही तिघी होतो, असं वहिनी म्हणाली. शेवटी तो मिठाईचा पुडा घेऊन एक्स्चेंजच्या दारात आला.

“मग?”

“मग काय. आम्ही तिघी बाहेर आलो. बिचारा एकीकडून दुसरीकडे बघत राहिला.” वहिनीने जावयाच्या डाव्या खांद्यावरची फीत सोडली. “आमच्याकडे वहीत लिहून ठेवायचो, कोण काय बोललं ते, म्हणजे पुढच्या पाळीची चुकू नये. पण घसा कुणाचा बसलाय ते कोण लिहितं? तुझ्यासारखं कुणी दुखणं विचारेल असं तुझ्या मेजरांना वाटलंच नसणार.”

मी तिला खूप बोलले. तुला माझं सुख बघवत नाही, असंही म्हणाले. ते लिहितानासुद्धा लाज वाटते. ती म्हणाली, “पैसे खुशाल पाठव, मी अडवणार नाही. फक्त आधी सकाळी, दुपारी, संध्याकाळी तोच एक प्रश्न विचार. तुझाच प्रश्न.”

बँकेत गेले नाही.

२७ मार्च

सकाळी विचारलं, “आज कुठे दुखतंय? मी कुठला व्यायाम दिला होता?” उत्तर आलं, डावा खांदा, प्रिये, आणि तू दिलेला प्रत्येक व्यायाम मला अमृतासारखा आहे. कुठला ते नाही सांगितलं.

दुपारी तेच विचारलं. “फक्त हृदय दुखते तुझ्या विरहात. रजेचे पैसे कधी पाठवतेस?” खाली बदाम.

संध्याकाळी तेच विचारलं. “मान. टॉवेलचा. सकाळ-संध्याकाळ करतो. अंगठ्याला पट्टी बांधली.”

मी फोन पालथा ठेवला. पंचवीस वर्षं मी लोकांच्या पाठीवर हात ठेवून सांगते की हे ओझं उचलल्याने झालंय, हे बसून झालंय. कोपऱ्यात बसून दिवसभर बोटाने फोन बडवणाऱ्या माणसाचं दुखणं माझ्यासमोर रोज हाडाहाडावर बांधलेलं होतं. मी त्याला रणगाड्यात बसवलं. स्वच्छ टॉवेलांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून रडले, आणि मग ते सगळे टॉवेल परत धुवावे लागले.

वहिनीने चहा आणला. एक शब्द बोलली नाही. एवढ्या बोलघेवड्या बाईने न बोलणं म्हणजे काय ते मला आज कळलं. मी म्हटलं, “काल बोलले ते विसर.” ती म्हणाली, “काय बोलली होतीस?”

२८ मार्च

सायबर पोलिसांकडे गेलो, दोघी. टेबलामागे एक तरुण हवालदार मुलगी होती. मला वाटलं होतं हसेल. तिने नुसतं विचारत विचारत टाईप केलं. कॅमेऱ्यावर आले नाहीत ना? कुणाला सांगू नका म्हणाले? लवकर लग्नावर आले? रजेसाठी, तिकिटासाठी, पेटी सोडवण्यासाठी पैसे? मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. माझ्या आयुष्यातला एकमेव प्रणय तिला तोंडपाठ होता.

“मावशी, सैनिकाला रजा त्याचे साहेब देतात. त्यासाठी कुणाच्या होणाऱ्या बायकोकडे पैसे मागत नाहीत,” ती म्हणाली. “फोटोतले साहेब खरे असतील. त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नसेल की त्यांच्या नावावर किती लग्नं ठरलीयत. तुम्ही पैसे पाठवले नाहीत, सुटलात. आता तक्रार झाली. त्यांचं खातं ब्लॉक करा आणि काही उत्तर देऊ नका.” बोलताना ती स्वतःचं मनगट दाबत होती. मी तिचा हात घेतला आणि टेबलावर नीट ठेवून दाखवला. आम्ही निघताना तिने वहिनीला विचारलं, दवाखाना कुठे आहे.

तिथून थेट मालकाकडे जाऊन आगाऊ रक्कम भरली. मालकाने पावती लिहायला घेतली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर फळीवरची उशी काढायला गेले, तर शेजारी वहिनीची प्रवासाची पिशवी होती. भरलेली. वर तिच्या मावसबहिणीचा पत्ता, माझ्याच अक्षरात.

मी तिथेच उभी राहिले. माणसाच्या उभं राहण्यावरून मी त्याची कंबर ओळखते आणि माझ्याच घरात आवराआवर कशाची चालली होती ते मला कळलं नाही. वहिनी मागून आली आणि म्हणाली, “ती राहू दे तिथेच. उन्हात टाकायचे होते कपडे.” मी पिशवी खाली काढली आणि तिचे कपडे परत तिच्या कपाटात लावले. चुकीच्या खणात लावले असणार, कारण ती मागून येऊन परत लावत होती.

एक कबुली फक्त इथेच. हवालदार मुलीने सांगूनही संध्याकाळी मी एक निरोप पाठवला. लिहिलं, “तुम्ही मेजर नाही आणि एकटेही नाही, हे मला कळलंय. पैसे येणार नाहीत. तक्रार केली आहे. ज्याची मान दुखते त्याच्यासाठी: तासातासाने उठा. असंच बसत राहिलात तर हात बधिर होतील.”

वाटलं, शिव्या येतील. बराच वेळ ते तीन ठिपके हलत होते, थांबत होते.

“ताई, टॉवेल कोरडा की गरम पाण्यातला?”

मी कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत होते. हा मुलगा आहे की बाप्या, कुठे बसलाय, कुणी बसवलंय, काही माहीत नाही. मला लुबाडायलाच बसला होता हे पक्कं माहीत आहे. तरी राणीपेक्षा ताई बरं वाटलं. “कोरडा,” असं लिहिलं आणि ते खातं कायमचं ब्लॉक केलं.

चूक केली का? वहिनीला विचारणार नाही. ती म्हणेल, फी घेतलीस का?

१४ एप्रिल

इतके दिवस लिहायला सवड नव्हती. रंग, आरसे, चटया, भिंतीला धरायचा दांडा. आज पहिला वर्ग झाला.

बायका अपेक्षेपेक्षा जास्त आल्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. निम्म्या जणींना डावा पाय कुठला ते आठवत नव्हतं. वहिनी दारातल्या टेबलावर, उशीवर, ताठ बसली होती. फोन एकदाच वाजला, तोही चुकून लागलेला. तिने “नमस्कार, बोला” असं काही म्हटलं की समोरचा नंबर चुकला म्हणून तीनदा माफी मागत होता.

हवालदार मुलगी मनगट दाखवायला आली होती. सुधारतंय. त्या टोळीचं काही कळलं का, विचारलं. अजून नाही म्हणाली.

वर्ग संपल्यावर सगळ्या गेल्या. एकच बाई रेंगाळली, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, फार नीटनेटकी. चटई गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली.

“डॉक्टरबाई, एक विचारायचं होतं. मान दुखते.”

“बसा. कधीपासून?”

“माझी नाही.” तिने दाराकडे पाहिलं. “ओळखीचे एक साहेब आहेत. लांब असतात, सीमेवर. कर्नल आहेत. त्यांना कुणीतरी टॉवेलचा व्यायाम सांगितलाय म्हणे, त्याने बरं वाटतं. पण सकाळी म्हणतात तसं काही नाहीच. तर मला कळेना, खरं काय धरायचं.” आणि मग ती लाजली. मी तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी आरशात पाहिलेलं तेच लाजणं.

मला हसू आलं नाही. तिचा हात हातात घेतला आणि वहिनीला हाक मारली. वहिनीने एका नजरेत सगळं ओळखलं. काही न विचारता ती शेजारून जावयाला ढकलत घेऊन आली आणि लाल फितींचा डबा माझ्या मांडीवर ठेवला.

“सांगा,” मी म्हटलं, “आधी सकाळचे कर्नल सांगा. मग संध्याकाळचे.”